टाकीची ज्वारी

महानंदाच्या भाकरीघरात पहिल्यांदा पीठ बिघडलं, तेव्हा सगळ्यांनी दोष दिला तो सुगलाला. सुगला नुकतीच लग्न होऊन बोरखडीत आलेली, कामावर नवी. तिनं परातीतल्या पिठावर उकळतं पाणी ओतलं, उलथन्यानं हलवलं आणि झाकण घालून दुसऱ्या परातीकडं वळली. थोड्या वेळानं झाकण काढलं तर आत गोळा नव्हताच. खळीसारखं पातळ, चकचकीत काहीतरी परातभर पसरलं होतं.

"किती पाणी ओतलंस गं? भाकरी करायची हाय, आंबील न्हाई," शेजारची बाई म्हणाली.

"रोजच्याच तांब्यानं ओतलं," सुगला रडवेली झाली.

महानंदा उठून परातीशी आली. तिनं नवं पीठ घेतलं, बेतानं पाणी घातलं, मळलं. पीठ आधी हाताला चिकटलं आणि मग हळूहळू सैल होत गेलं. थापायला घेतली तर कडा फाटल्या, मधे भोक पडलं. तव्यावर टाकलेली भाकरी फुगली नाही, तव्यालाच धरून बसली. महानंदानं बोट चाटून पाहिलं. पीठ गोड लागत होतं.

आई गेली तेव्हा महानंदा शाळकरी वयाची होती आणि धाकटा भाऊ रेवणसिद्ध रांगत होता. तेव्हापासून ती भाकऱ्या थापत आली होती. नवरा लवकर वारल्यावर ती माहेरी परतली आणि बोरखडीतल्या बायकांना घेऊन तिनं हे भाकरीघर उभं केलं. इथल्या पातळ, कडक, महिनाभर टिकणाऱ्या भाकऱ्या पुण्याला आणि हैदराबादला जायच्या. गावातल्या वीसेक घरांची चूल त्यावर पेटत होती. एवढ्या वर्षांत पिठानं असा दगा तिला कधी दिला नव्हता.

"आजचं राहू द्या," ती बायकांना म्हणाली. "हे बाजारातनं आणलेलं पीठ हाय. उद्या आपल्या घरच्या ज्वारीचं दळू."

पण घरच्या जुन्या ज्वारीचे शेवटचे दोन डबेच उरले होते. गेल्या सालची थोडीच आली होती, ती न दळता सारी बियाण्याला ठेवून रानात पेरून झाली होती.

*

बाजार समितीच्या आवारात आता तीन फाटकं होती. समुद्रापलीकडून येणारं तेल आटलं, त्यानंतर सरकारनं ही व्यवस्था आणली. शेतकऱ्याचा माल आधी एका बोगद्यासारख्या यंत्रातून जायचा. यंत्र दाण्यांवर किरण सोडून त्यांचा कस ओळखायचं आणि कोणता माल कुठल्या फाटकानं जाणार ते ठरवायचं. माणसांनी खायचा, इंधनाचा आणि जनावरांचा. लोकांनी त्या फाटकांना सोपी नावं दिली होती: ताट, टाकी आणि गोठा. पिकांनाही तीच नावं चिकटली.

बोरखडीत टाकीची ज्वारी पहिल्यांदा पेरली ती महानंदाच्या भावानं, रेवणनं. त्यामागं हाव नव्हती, हे सगळं गाव जाणून होतं. तेलाच्या टंचाईच्या वर्षी त्याची बायको कस्तुरी खुरपायला गेली असताना तिला साप चावला. तालुक्याला ॲम्ब्युलन्स होती, चालक होता, दवाखान्यात लसही होती. फक्त गाडीत तेल नव्हतं. रेवणनं बैलगाडी जुंपली. तालुका दिसायला लागला तेव्हा कस्तुरीनं मान टाकली होती.

नवं बियाणं घेऊन माणसं गावात आली तेव्हा रेवण सगळ्यात पुढं बसला. उसाला लागतं तसं पाणी या ज्वारीला लागत नव्हतं. बोरखडीच्या काळ्या रानात, नुसत्या थंडीच्या ओलाव्यावर ती येत होती. तिचा दाणा शिजवून आंबवायचा की झालं इंधन. बघता बघता रस्त्यावर गाड्या दिसू लागल्या. बंद पडलेली एसटी सुरू झाली. शहरात निघून गेलेली दोन-चार घरं परत आली.

"माझ्या रानातल्या दाण्यावर तालुक्याची ॲम्ब्युलन्स पळते, अक्का," रेवण बहिणीला सांगायचा. हे सांगताना त्याचा चेहरा उजळायचा, आणि महानंदाला त्याच्यासाठी बरं वाटायचं. कस्तुरी गेल्यानंतर तो कितीतरी महिने कुणाशी धड बोललाच नव्हता.

*

भाकरीघरातलं पीठ पुण्याच्या एका प्रयोगशाळेत पाठवलं, तशा डॉक्टर पद्मजा हर्डीकर स्वतःच बोरखडीला आल्या. पिकांच्या जनुकांचा अभ्यास करणाऱ्या, पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या बाई. त्यांनी आधी भाकरीघरात बसून सुगलाला पीठ मळायला लावलं आणि परातीतला गोळा सैल होताना शांतपणे पाहिला.

"ज्वारीच्या पिठाला चिकटपणा नसतो," त्या मग सांगू लागल्या. "उकळत्या पाण्यानं त्यातला स्टार्च फुगतो, म्हणून ते एकमेकाला धरून राहतं आणि भाकरी थापता येते. इंधन करताना मात्र उलटं हवं असतं. स्टार्च तुटून त्याची साखर व्हायला हवी. त्यासाठी पूर्वी कारखान्यात एक विकर बाहेरून घालत. ते महाग पडायचं. मग गरम पाण्याच्या झऱ्यात राहणाऱ्या एका जीवाणूचं जनुक या ज्वारीत घातलं. आता ते विकर दाण्यातच तयार होतं. थंड असताना ते गप्प असतं. उकळतं पाणी पडलं की जागं होतं आणि स्टार्च तोडायला लागतं."

"पण आम्ही कुठं टाकीची ज्वारी दळतो?" महानंदानं विचारलं.

"वारा दळतो तुमच्यासाठी," हर्डीकर म्हणाल्या, आणि आपलं बोलणं लागलं की काय, या शंकेनं क्षणभर थांबल्या. "ज्वारी बहुतेक आपल्याच परागावर पोसते. पण शंभरातली काही फुलं वाऱ्यानं आलेला पराग धरतात. त्यातून आलेल्या दाण्यात ते विकर उतरतं. आणि ते थोडं असलं तरी पुरतं. दूध विरजायला तुम्ही किती ताक घालता? तसंच. पोत्यात मूठभर असे दाणे आले तरी सगळं पीठ हातातून जातं, आणि मूठभर दाणे फाटकावरच्या यंत्राला दिसत नाहीत."

"विषारी हाय का ते?" सुगलानं भीत भीत विचारलं.

"नाही. खायला काही अपाय नाही. फक्त भाकरी होत नाही."

महानंदानं परात बाजूला सारली. मग तिनं विचारलं, "यावर इलाज काय?"

इलाज एकच होता. गावानं ठराव केला तर त्या शिवारात ताटाचा पट्टा, म्हणजे फक्त खायच्या ज्वारीचं रान, राखता येत होता. पट्ट्यातली टाकीची ज्वारी निसवण्याआधी, म्हणजे कणीस बाहेर पडण्याआधी कापायची. फूलच आलं नाही तर पराग उडणार नाही. थंडीत बोरखडीत वारा पूर्वेकडून वाहतो, आणि गावाच्या पूर्वेला टाकीची ज्वारी होती ती एकाच माणसाची.

"आणखी एक," निघताना हर्डीकर म्हणाल्या. "तुम्ही जे बियाणं पेरलंय, त्यातच हे आधी उतरलेलं असेल तर पट्टा करूनही उपयोग होणार नाही. रान तपासून सांगता येईल, पण जिल्ह्यातून इतके नमुने आलेत की तुमचा निकाल फुलोऱ्याआधी हाती येणं कठीण आहे. ठरवायचं तुम्हाला त्याआधीच लागेल."

"बियाणं मी दरसाल माझ्या रानातल्या उभ्या पिकातनं कणसं निवडून ठेवते," महानंदा म्हणाली. "मोठी, गच्च भरलेली. सारं गाव तेच पेरतं. ते चांगलंच असणार."

दाण्याच्या रूपावरून ते कळत नाही, हे हर्डीकरांना सांगावंसं वाटलं असणार. पण महानंदाच्या चेहऱ्याकडं पाहून त्यांनी नुसती मान हलवली.

*

रेवण रानात होता. ज्वारी त्याच्या छातीपर्यंत आली होती, धाटं पोटरीत होती, कणीस अजून पानाच्या पोटातच होतं. एका धाटाच्या फुगलेल्या पोटरीवर तो बोट फिरवत होता. बहिणीला बघून त्यानं डोक्याचा टॉवेल सोडून बांधावर पसरला.

"बस अक्का. मला कळलंय तू कशाला आलीस ते."

महानंदा बसली. काय बोलायचं ते ती वाटभर जुळवत आली होती, आता त्यातलं काही आठवेना.

"पुढल्या साली पेर दुसरीकडं," ती म्हणाली. "पश्चिमेला पड रान हाय. वारा तिकडनं गावात येत न्हाई."

"आणि या सालचं?"

"कडवळ म्हणून जाईल. जनावरं खातील."

"जनावरं खातील," रेवण म्हणाला. "अक्का, लोक भात खातात, चपाती खातात. भाकरी न्हाई मिळाली म्हणून कोण मेलं न्हाई आजवर. गाडी न्हाई मिळाली म्हणून मेलेलं माणूस मात्र मी माझ्या मांडीवर बघितलंय."

"तिचं नाव घेऊ नको रे मधे."

"तिच्याशिवाय दुसरं काय हाय यात? मी ही पेरतो ती तिच्यासाठीच पेरतो. पैशाचं तू मला कधी विचारलंस का? मी सांगतो, गोठ्याची पेरली असती तरी माझं भागलं असतं."

महानंदाला रडू आलं. ती म्हणाली, "तुला मी भाकरीवरच वाढवला रेवण. दूध नव्हतं घरात. भाकरी कुस्करून पाण्यात कालवून भरवलीय तुला. त्या वीस बायकांची पोरं अजून तशीच वाढतात. त्यांना मी काय सांगू, माझ्या भावाचं रान हाय म्हणून गप्प बसले?"

रेवण बांधावरचं गवत उपटत बसला. वाऱ्यानं सगळं रान एका बाजूला कललं आणि पुन्हा उभं राहिलं.

"तू हात वर करणार का सभेत?" त्यानं विचारलं.

"करीन."

"मग कर. मी तुझ्याशी भांडणार न्हाई. पण दुसऱ्या कुणाला माझ्या रानात पाऊल टाकू देणार न्हाई. कापायचं असलं तर मीच कापीन."

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात भरली. सरपंचांनी ठराव वाचला आणि हात वर करायला सांगितलं. कुणीच हात वर केला नाही. रेवणच्या बायकोचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक होतं. माणसं खाली बघत होती. महानंदा उभी राहिली, तिनं पदर सावरला आणि उजवा हात वर केला. मग सुगलाचा हात वर आला. मग एकेक करत भाकरीघरातल्या बायकांचे, मग पुरुषांचे. रेवण मागं निंबाखाली उभा होता. सगळे हात वर आल्यावर तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून तो एकटा विळा घेऊन कापत होता. मदतीला गेलेल्या गड्यांना त्यानं परत पाठवलं. महानंदा भाकरी-चटणी घेऊन बांधावर गेली, तर त्यानं ती घेतली, खाल्ली, पाणी प्यायला आणि पुन्हा कापायला लागला. रान संपायला बरेच दिवस लागले. संपलं त्या दिवशी तो घरी आला, कपड्यांची पिशवी भरली आणि म्हणाला, "नदीपलीकडच्या इंधन कारखान्यात माल उतरवायला माणसं पाहिजेत. मी जातो. रिकामं रान बघवत न्हाई."

"कधी येशील?"

"बघू. तुझी भाकरी तेवढी नीट होऊ दे. मग म्हणीन मी, कापलं ते फुकट न्हाई गेलं."

*

त्या साली ज्वारी अशी आली की जुनी माणसंही थांबून बघायची. पांढरा शुभ्र, टपोरा दाणा. रेवण फोन करायचा तेव्हा पहिला प्रश्न पिकाचाच असायचा. महानंदा सांगायची, "जोरात हाय." त्याच्या आवाजात समाधान उतरलेलं तिला ऐकू यायचं. कारखान्यातल्या सोबत्यांनाही तो सांगत असे, की माझ्या बहिणीच्या गावात आता ताटाचा पट्टा हाय, असली ज्वारी तुम्हाला कुठं मिळायची न्हाई.

मळणी झाली आणि नव्या ज्वारीचं पहिलं पीठ भाकरीघरात आलं. सगळ्या बायका जमल्या होत्या. कुणीतरी परातीला हळदकुंकू लावलं. महानंदानं आधण ओतलं, हलवलं आणि झाकण घातलं. नेहमी त्या वेळी बायका बडबड करायच्या. आज सगळ्या परातीभोवती वाकल्या होत्या.

तिनं झाकण काढलं. परातीत पातळ, चकचकीत पाणी होतं.

सुगला तोंडाला पदर लावून बाहेर गेली. महानंदानं पुन्हा पीठ घेतलं, दुसऱ्या पोत्यातलं. मग तिसऱ्या घरचं. प्रत्येक वेळी तेच झालं. शेवटी एका म्हाताऱ्या बाईनं तिच्या हातातून तांब्या काढून घेतला आणि म्हणाली, "पुरे आता, महानंदा."

डॉक्टर हर्डीकरांनी फोनवर सांगितलं ते तिला ऐकण्याआधीच कळलं होतं. विकर बियाण्यातच होतं. मागच्या दोन-तीन वर्षांच्या वाऱ्यानं ते आणून ठेवलं होतं, आणि तिनं निवडलेल्या गच्च कणसांत तेही निवडलं गेलं होतं. रेवणचं रान कापलं काय आणि न कापलं काय, या सालची भाकरी आधीच गेलेली होती.

"दुसरीकडचं शुद्ध बियाणं मिळेल," हर्डीकर म्हणाल्या. "पण जमिनीत सांडलेला दाणा उगवत राहतो. काही वर्षं या शिवारात ज्वारी घेऊच नका." मग त्या म्हणाल्या, "मला वाईट वाटतं, महानंदाताई."

बाजार समितीतल्या यंत्रानं बोरखडीचा सगळा माल टाकीच्या फाटकाकडं वळवला. ट्रक भरू लागले. ते कुठल्या कारखान्यात जाणार आहेत, हे महानंदानं विचारून घेतलं. चालकानं नदीपलीकडच्या कारखान्याचं नाव सांगितलं तेव्हा ती घरी आली, लुगडं बदललं आणि एसटीत बसली. रेवणला हे पोत्यांवरच्या गावाच्या नावावरून कळायला नको होतं.

*

कारखान्याच्या मागं कामगारांच्या खोल्या होत्या. हवेत आंबल्याचा उग्र वास भरला होता. रेवण वाळला होता, पण बहिणीला बघून हसला. त्यानं चटई अंथरली, स्टोव्हवर चहा ठेवला. महानंदानं पिशवीतून डबा काढून त्याच्यापुढं ठेवला.

त्यानं लगबगीनं झाकण उघडलं. डब्यात शेंगाची चटणी होती. त्यानं खालचा कप्पा उघडला, त्यातही चटणीच होती. मग त्यानं पिशवीत डोकावून बघितलं.

"भाकरी कुठाय?"

महानंदानं डब्याचं झाकण परत लावलं. रेवणचा हात पिशवीतच राहिला.

"झाली न्हाई?" त्यानं विचारलं.

"न्हाई."

"तुझ्या रानातली?"

"कुणाच्याच रानातली न्हाई. सगळा माल इकडं निघालाय. उद्या येईल."

"पण मी तर कापलं," तो म्हणाला. "एक कणीस बाहेर पडू दिलं न्हाई."

"बियाण्यातच होतं रेवण. तू कापलंस तेव्हा माझ्या रानात ते उभंच होतं."

चहा उतू गेला. रेवणनं स्टोव्ह बंद केला आणि फडक्यानं सांडलेलं पुसत राहिला, पुसून झाल्यावरही. मग तो तसाच पाठमोरा म्हणाला, "बाईंनी सांगितलं नव्हतं?"

"असू शकतं म्हणाल्या होत्या. मला वाटलं माझं बियाणं चांगलं हाय."

"माझी ज्वारी चांगली होती अक्का. तालुक्याला वर्षभर पुरली असती." त्यानं फडकं पिळलं. "सांगायला कशाला आलीस? फोनवर बरं हाय म्हणत होतीस तसंच म्हणायचं. मी एवढ्यावरच इथं दिवस काढत होतो."

"उद्या तुला कळलंच असतं."

"कळलं असतं."

अंधार पडल्यावर रेवण उठून खानावळीत गेला आणि दोन ताटांत भात घेऊन आला. दोघांनी चटणी कालवून तो खाल्ला. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला, तेव्हा त्यानं तो झिडकारला नाही, पण वळूनही बघितलं नाही.

सकाळी बोरखडीचे ट्रक फाटकात लागले. रेवणची पाळी दुपारची होती, तरी तो मुकादमाकडं गेला आणि म्हणाला, "हे मी उतरवून घेतो. दुसऱ्या कुणाला सांगू नका." मुकादमानं कारण विचारलं नाही.

महानंदा जाळीपलीकडं उभी राहिली. जमिनीत मोठा हौद होता, त्यावर लोखंडी गज. रेवण ट्रकवर चढला आणि एकेक पोतं सोडून आपल्या हातांनी ओतू लागला. दाणा उन्हात चमकत होता. खाली पडताना त्याचा सरसर आवाज येत होता, पावसाळ्यात पत्र्यावर येतो तसा.

हौदाशी उभा असलेला म्हातारा पहारेकरी पुढं आला. त्यानं ओंजळभर ज्वारी उचलली, फुंकर मारून बघितली.

"काय दाणा हाय!" तो खूश होऊन म्हणाला. "कुठल्या गावची म्हणायची? हिच्या भाकऱ्या काय मऊ होत असतील!"

रेवणनं रिकामं पोतं झटकलं. जाळीपलीकडं बहीण उभी होती, तिच्याकडं त्यानं पहिल्यांदा नीट बघितलं.

"आमच्या गावची," तो म्हणाला. "माझी बहीण करायची."

म्हाताऱ्यानं ओंजळ हौदात सोडली. रेवणनं पुढचं पोतं ओढलं.